झाशीचे दुसरे दप्तर

१८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौजेने झाशी लुटली. त्या लुटीत राजवाड्यातील ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. विजेत्यांचे खलिते सरकारी दप्तरांत सुरक्षित राहिले. नगरवासीयांवर गुदरलेले दिवस मात्र कोणी नोंदवावे?

ते काम घडले एका भिक्षुकाच्या हातून. द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेढ्यात सापडले होते. पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी तो प्रवास लिहून काढला. वैद्यांनी १९०७ मध्ये तो फेरफारांसह छापला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जपले, म्हणूनच १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना ते मूळ रूपात प्रसिद्ध करता आले.

घरातली जुनी वही रद्दीत टाकण्यापूर्वी, श्रोतेहो, झाशीचे हे दुसरे दप्तर आठवावे.