धम्माची एकी रुग्णाच्या खाटेपाशी



धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या या सभेत बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय नेमला आहे 'बौद्धांची एकी'. विषय नवा नाही. परंतु आपल्या वस्तीत तो आज जितका निकडीचा झाला आहे, तितका पूर्वी कधी नव्हता.

आपल्याकडे दोन विहार आहेत. एकात केवळ पाली वंदना होते. दुसऱ्यात तिच्या जोडीस जपानी परंपरेतील सूत्रपठणही चालते. काही तरुण या दोहोंत न येता विपश्यनेच्या शिबिरांस जातात. मार्ग भिन्न असणे हा दोष नव्हे. परंतु बुद्धजयंतीस मिरवणुका दोन निघाव्यात, वर्गण्या दोन गोळा व्हाव्यात आणि एका विहारातील माणसाने दुसऱ्याची पायरी चढू नये, हा मात्र खचित दोष होय.

वस्तुतः आपली दीक्षाच पंथभेदाच्या पलीकडची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातून आलेले थेरवादी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. आणि त्यानंतर जनसमुदायास स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या. हीनयान व महायान या जुन्या वादात आपण पडणार नाही, हे त्यांनी आदल्याच दिवशी पत्रकारांस सांगितले होते. पुढे १९६७ साली कोलंबो येथे जागतिक बौद्ध संघ परिषदेत उभय पंथांस मान्य असलेली मूलतत्त्वे नमूद करण्यात आली. बुद्ध हाच शास्ता, चार आर्यसत्ये, प्रतीत्यसमुत्पाद, अनित्यता, यांविषयी दोहोंत वाद नाही.

मग भांडण कशाचे? कोसंबीच्या भिक्खूंचे होते तसल्याच क्षुल्लक गोष्टीचे. शौचाच्या भांड्यात उरलेले पाणी एकाने तसेच ठेवले. तो अपराध की नव्हे, यावरून संघात दोन तट पडले. भगवंतांनी समजाविले, तरी ते ऐकेनात. तेव्हा भगवंत एकटेच वनात निघून गेले. भिक्खूंना ताळ्यावर आणले ते कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी भिक्षा व वंदन दोन्ही बंद केले, तेव्हा कोठे समेट झाला. एकी राखणे हे आपणां गृहस्थांचेही कर्तव्य आहे, हेच या कथेचे सार.

परंतु एकी ठरावाने येत नाही. विनयपिटकात दुसरी एक कथा आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याची विचारपूस केली नाही. भगवंतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्खूंना सांगितले की, येथे तुम्हांस आई नाही, बाप नाही. तुम्हीच परस्परांची शुश्रूषा केली पाहिजे. ज्यास माझी सेवा करावयाची असेल, त्याने रुग्णाची करावी. तो रुग्ण कोणत्या मताचा, हे भगवंतांनी विचारले नाही.

आता आमचीच कथा ऐका. गेल्या पावसाळ्यात आपल्यातील एक वृद्ध हमाल बारा दिवस रुग्णालयात पडून होते. एका विहाराचे लोक म्हणाले, ते तिकडे जात. दुसऱ्याचे म्हणाले, त्यांची वर्गणी इकडे नाही. आम्ही दोन्ही विहारांत करुणेवर प्रवचने करीत होतो. आम्हीही गेलो नाही. त्यांना पाणी पाजले ते शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या पत्नीने, आणि ती बौद्ध नव्हती. हे सांगताना आमची मान खाली जाते.

म्हणून मंडळास आमची एकच विनंती आहे. दर रविवारी दोन माणसे रुग्णालयात जावीत, प्रत्येक विहारातून एक. रुग्णाची जात विचारू नये, पंथ विचारू नये. औषधपाण्यासाठी पेटी एकच असावी व तिचा हिशेब दोन्ही विहारांत वाचला जावा. पहिल्या रविवारी आम्ही जातो. सोबतीस कोण येतो, त्याने सभा संपताच नाव द्यावे. ज्यांनी एकाच खाटेशी रात्र जागून काढली, त्यांच्या मिरवणुका फार काळ दोन राहणार नाहीत, अशी आमची श्रद्धा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!