गोवर गेला म्हणून निर्धास्त राहू नका



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरी आज गोवराबद्दल बोलणार आहे. २०२२ साली तो आपल्याच वस्त्यांतून फिरला. गोवंडीत लेकरं दगावली, भिवंडी-मालेगावातही रुग्ण सापडले. साथ ओसरली आणि आपण विसरलो.

खसरा निघाला, पुरळ बसलं की पोर सुटलं, असं आपण मानतो. बहुतेक पोरं सुटतातही. पण हजारात साधारण एकाला त्याच दिवसांत मेंदूला सूज येते. त्याहून क्वचित, विषाणू मेंदूत दडून राहतो. सहा ते दहा वर्षांनी धडधाकट मूल अभ्यासात मागे पडतं, स्वभाव बदलतो, मग अंगाला झटके येऊ लागतात. या आजाराला एसएसपीई म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. बहुतेक मुलं एक ते तीन वर्षांत जातात. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका जास्त.

आता हिशेब करा. २०२२ मध्ये गोवर झालेल्या बाळांसाठी ही वर्षं म्हणजे साधारण २०२८ ते २०३२. तेव्हा अशी लक्षणं दिसली तर ‘असर झालाय’ म्हणून तावीज-गंड्यात महिने घालवू नका. मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या आणि लहानपणी गोवर झाला होता, हे आठवणीने सांगा.

ही वेळ टाळणारा उपाय एकच, लस. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी केंद्रात फुकट मिळतो. लशीमुळे एसएसपीई होत नाही.

जिलेटिनची शंका काही घरांत निघते. १९९५ साली कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत उलेमा आणि तज्ज्ञ एकत्र बसले होते. मूळ पदार्थाचं रूप पूर्ण पालटून बनलेलं जिलेटिन पाक आहे, असं त्यांनी ठरवलं.

शेवटचं एक. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवी ही लस देत नाहीत. आजूबाजूच्या पोरांनी दोन्ही डोस घेतले असतील, तरच ते वाचतं. म्हणून आज घरी गेल्यावर मुलांची लसीकरणाची कार्डं काढा. दुसऱ्या डोसची रकाना रिकामा असेल, तर उद्याच केंद्रावर जा. मग शेजारच्या घरीही विचारा.