जुनी गाडी, आखाती ऊन आणि बॅटरी

दुबई, शारजा, अबुधाबीत जुनी गाडी वापरणाऱ्यांसाठी आजची माहिती. बॅटरी थंडीत दगा देते असं आपण मानतो. पण तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा. इथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, बॉनेटखाली त्याहून वर. बॅटरीतलं पाणी आटतं, प्लेटा झिजतात.

सकाळी गाडी नुसती ‘कटकट’ करून थांबली, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी टर्मिनल पाहा. पांढरट-हिरवा थर असेल, तर निगेटिव्ह वायर आधी काढून ते घासून घ्या. मग मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. त्याहून कमी असतील, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्या. चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर डिकीतला दिवा किंवा मागाहून बसवलेला कॅमेरा रात्रभर वीज खात नाही ना, ते बघा.

उन्हाळी सुट्टीत गावी निघण्याआधी एवढी तपासणी जरूर करा. आधी मोजणी, मग खरेदी.