लेकराच्या वागण्याची वही

मुरुडला माझं घर विचारलंत, तर 'ती न बोलणाऱ्या लेकरांची मॅडम का?' असा उलटा प्रश्न येईल. माझ्या कामाला 'वर्तन विश्लेषण' म्हणतात. नाव ऐकून एका गृहस्थांना मी पोलीस खात्यात आहे असं वाटलं होतं. मी विशेष शिक्षिका आहे, भारतीय पुनर्वास परिषदेकडे माझी तशी नोंदणी आहे. त्यापुढे वर्तन विश्लेषकाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायला निघाले, त्याची ही हकिगत.

आधी काम काय ते सांगते. सहा वर्षांचा एक मुलगा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलत नाही. दिवसातून केव्हाही स्वतःचा हात कडकडून चावायचा, मनगटावर घट्टे पडले होते. घरच्यांनी दर्गा केला, देव केले, लातूरचे डॉक्टर केले. शेजारी म्हणायचे, लाडानं बिघडलंय. मी त्याच्या आजीला एक शंभर पानी वही दिली आणि तीन रकाने आखून दिले : चावण्याच्या आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर घरातल्यांनी काय केलं. आजी चौथी शिकलेली. पंधरा दिवस तिनं न चुकता लिहिलं. वही वाचताना पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द दिसला : गिरणी. समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की पोरगं हात चावायचं, आणि चावलं की आई त्याला उचलून आतल्या खोलीत न्यायची. आत आवाज कमी. म्हणजे हात चावणं ही त्याची भाषा होती, 'मला इथून न्या' एवढंच ती सांगत होती.

मग आम्ही त्याला आजीच्या पदराला दोनदा ओढायला शिकवलं. पदर ओढला की आजी ताबडतोब उठून त्याला आत नेणार, हातातली भाकरी टाकून. आजीनं ते पाळलं म्हणून जमलं. अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी 1985 मध्ये हेच दाखवून दिलं होतं : त्रासदायक वागण्यामागची मागणी ओळखून ती मागण्याचा सोपा मार्ग मुलाला शिकवला, की ते वागणं कमी होतं.

हे शास्त्र तसं जुनं. स्किनर यांच्या प्रयोगांवर त्याचा पाया आहे, 1968 पासून त्याचं स्वतंत्र नियतकालिक निघतं. स्वमग्न मुलांसाठी ते गाजलं ते लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासामुळे. लोवास यांनी आपल्या कामात शिक्षाही वापरली होती. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसं या पद्धतीवर रागावून बोलतात. त्यांचं म्हणणं मी आधी पुस्तकात वाचलं आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. कळलं ते पुढे.

सुरुवातीच्या काळात मी एका मुलीकडे घरी जात असे. 'माझ्याकडे बघ' म्हणायचं, तिनं डोळ्याला डोळा दिला की बिस्किटाचा तुकडा द्यायचा, हात फडफडवले की हात धरून खाली ठेवायचे. दहापैकी किती वेळा बघितलं याचा मी आलेख काढत होते आणि आलेख छान वर चढत होता. एक दिवस तिची आई चहा ठेवता ठेवता सहज म्हणाली, "मॅडम, तुमची स्कुटी वाजली की लेकरू पलंगाखाली घुसतंय." माझ्या वहीत हा रकानाच नव्हता. हात फडफडवल्यानं कुणाचं काय बिघडत होतं? बघणाऱ्यांना कसंतरी वाटत होतं, एवढंच. मी तो कार्यक्रम थांबवला. मूल माझ्या येण्यानं पळतं की जवळ येतं, हे मी तेव्हापासून आधी लिहिते. त्या मुलीनं मला जवळ येऊ द्यायला चार महिने घेतले.

आता प्रमाणपत्राचं. अमेरिकेत 1998 मध्ये 'बिहेविअर अॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड' स्थापन झालं. त्यांची अट अशी : पदव्युत्तर पदवी, ठरलेला अभ्यासक्रम, अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली दीड ते दोन हजार तास काम, आणि मग चार तासांची परीक्षा. अभ्यासक्रम मी मुरुडहून इंटरनेटवर केला. माझ्या मार्गदर्शक दूरच्या शहरात, त्या व्हिडिओवर माझं काम बघायच्या. लाइट गेली की पाहणी रद्द आणि तासही बुडाले. बोर्डानं 2019 मध्येच जाहीर केलं होतं, की 1 जानेवारी 2023 पासून भारतासारख्या देशांतून अर्ज घेतले जाणार नाहीत. मी हिशेब केला, बसेल म्हटलं. 2020 मध्ये टाळेबंदी आली, घरोघरी जाणं बंद झालं. 2022 च्या डिसेंबरात माझे तास अपुरेच होते. दार बंद झालं. खोटं कशाला सांगू, मी रडले. घातलेल्या पैशांचंही वाईट वाटलंच.

दुसऱ्या काही परदेशी संस्था अशी प्रमाणपत्रं देतात. आपल्याकडे पुनर्वास परिषद 1992 च्या कायद्यानं आली, पण तिच्या यादीत विशेष शिक्षक आहे, वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, वर्तन विश्लेषक नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात मात्र हा व्यवसाय नावानिशी आला. तो कायदा वाचताना आपलं नाव मतदारयादीत सापडावं तसं मला झालं.

तोवर पालकांनी काय करावं? आठवड्याभराच्या प्रशिक्षणावर 'थेरपिस्ट'ची पाटी लावणारे सगळीकडे आहेत. परवा एका वडिलांनी मला तोंडावर विचारलं, "सर्टिफिकेट कुठलं तुमचं?" मला राग आला नाही. विचारावंच. नोंदणी बघावी. शिकवताना मला बसू द्याल का, असं विचारावं. नाही म्हणाले तर चपला घालाव्यात. मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करता, हेही विचारावं. आणि सरकारी कागद सोडू नयेत. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं, 2016 च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ते आहे. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आमच्याकडे कितीतरी घरांना हे ठाऊक नसतं. थेरपीसाठी हैदराबाद, पुण्याच्या खेपा घालून पैसे संपलेले असतात आणि घरात एकही कागद नसतो.

त्या वडिलांना मी जे खरं होतं ते सांगितलं : विशेष शिक्षिका म्हणून नोंदणी आहे, विश्लेषकाचं प्रमाणपत्र नाही, अभ्यास पूर्ण आहे, तास अपुरे राहिले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वही कुठली आणायची, शंभर पानी का दोनशे?"