सध्या काय बघताय?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



चेअरमनसाहेबांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही रिटायर झाल्यापासून बरंच काही बघत असता, त्यावरच बोला." हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. पण विषय माझ्या आवडीचा, म्हणून हो म्हटलं.

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली. त्याच वर्षी ३ जुलैला स्टार प्लसवर एकाच रात्री दोन कार्यक्रम सुरू झाले. नऊ वाजता 'कौन बनेगा करोडपती' आणि साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. जुन्या सभासदांना आठवत असेल, पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून मीटिंगमध्ये कितीही जुंपलेली असो, साडेआठ वाजले की सगळे मनगटाकडे बघायला लागायचे. मी तेव्हा कमिटीत होते. त्या वर्षीचं प्रोसीडिंग बुक काढून बघा, 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली' ही वेळ पावणेनऊच्या पुढे गेलेली दिसणार नाही. सगळे ठराव एकमताने मंजूर! त्याचं श्रेय बच्चनसाहेबांना कोणी दिलं नाही, ते आज मी देते.

आणि गंमत बघा. पंचवीस वर्षांत आपण बिल्डिंगला दोनदा रंग काढला, लिफ्ट बदलली, निम्मी घरं नव्या लोकांनी घेतली. पण या २९ जुलैपासून तुळशी परत आलीय, स्मृती इराणीच आहेत, आणि बच्चन अजून त्याच खुर्चीवर बसून लोकांना घाम फोडताहेत.

भाषणाची तयारी म्हणून गेले पंधरा दिवस मी जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होते, "सध्या काय बघताय?" पहिलं उत्तर बहुतेकांचं ठरलेलं: "छे हो, आम्ही टीव्ही बघतच नाही." असं म्हणणाऱ्या ए विंगमधल्या एका वहिनींनी पुढची पंधरा मिनिटं मला दारातच उभं करून 'ठरलं तर मग'मधली सायलीच खरी तन्वी आहे आणि ते घरच्यांना कसं कळत नाही, हे समजावून सांगितलं. आतून कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. सी विंगमधला एक मुलगा लिफ्टमध्ये भेटला, डोळे सुजलेले. मला वाटलं कॉलेजात काही घोटाळा झाला. तर तो 'सैयारा' दुसऱ्यांदा बघून आला होता. फेब्रुवारीत 'छावा' आला तेव्हा खाली खेळणारी सगळी पोरं दोन महिने तलवारी घेऊन फिरत होती. त्यातल्या एकीने नंतर वाचनालयातून शिवाजी सावंतांची कादंबरी नेली, ती अजून परत केलेली नाही. मी मागितलीही नाही. 'पंचायत'चा चौथा सीझन जूनमध्ये आला. गावची निवडणूक, एकीची निशाणी दुधी आणि दुसरीची प्रेशर कुकर. ते बघताना आपल्या कमिटीची मागची निवडणूक ज्याला आठवली नाही, असा माणूस या हॉलमध्ये नसेल. आपल्याकडे निशाण्या तेवढ्या नव्हत्या.

आमच्या घरातलं विचाराल तर हे रात्री बातम्यांवरच्या चर्चा बघतात. सहा चौकटींतली सहा माणसं एकदम ओरडतात आणि यांना त्यात झोप लागते. टीव्ही बंद केला की जागे होतात.

पण मला खरं बोलायचंय ते एका सिनेमाबद्दल. १ मे रोजी 'आता थांबायचं नाय' आला. आपल्या महिला मंडळातल्या आम्ही सात जणी गेलो होतो. मराठी सिनेमाला संध्याकाळचा शो मिळणं म्हणजे आपल्याला गेटजवळ पार्किंग मिळण्यासारखं, म्हणून दुपारचं जेवण लवकर उरकून बाराच्या आतल्या शोला गेलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार, शाळा कधीच सुटलेली, आणि एक अधिकारी त्यांच्या मागे लागून त्यांना रात्रशाळेत बसवतो, दहावीला बसवतो. खऱ्या घटनेवरून घेतलाय. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, अधिकारी झालेत आशुतोष गोवारीकर. दिग्दर्शक शिवराज वायचळ. दिवसभर गटारात, कचऱ्यात काम करून आलेली माणसं रात्री बाकावर बसतात, ते बघून आम्ही हसलो, रडलो, टाळ्या वाजवल्या. बाहेर येऊन चहा प्यायलो आणि 'असे सिनेमे यायला पाहिजेत' यावर सात जणींचं एकमत झालं. हेही आपल्या सोसायटीत दुर्मीळच.

संध्याकाळी मावशी पोळ्यांना आल्या. माझ्याकडे गेली नऊ वर्षं काम करतात. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला काकू म्हणतात. कोणी ठरवलं कोण जाणे. त्या पोळ्या लाटत होत्या आणि मी ओट्याला टेकून त्यांना सगळी गोष्ट सांगितली, नक्कल करून. त्या काही बोलल्या नाहीत.

तीन दिवसांनी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काकू, ते शाळेचं खरंच असतंय का? का पिक्चरपुरतंच?"

मावशी सातवी पास. आठवीत गेल्या आणि लग्न ठरलं.

आता मी काय म्हणाले ते सांगते, कारण न सांगता पुढे जाणं बरं नाही. मी म्हणाले, "अहो, एवढ्या वयात आता कशाला हा व्याप?" सिनेमात हेच वाक्य कोणी बोललं असतं तर आम्ही सातही जणींनी त्याच्या नावाने बोटं मोडली असती. आणि मी ते त्यांच्या काळजीपोटी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळच्या पोळ्या आल्या होत्या.

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मीच चौकशी सुरू केली. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. सातवीवर चालतं. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मावशींनी भावाकडून गावाहून दाखला मागवला. तो जीर्ण झालेला कागद कुठे फाटू नये म्हणून त्यांनी लॅमिनेट करून घेतला, तेव्हा मला कळलं की आता या थांबणार नाहीत. पोळ्यांची वेळ आम्ही दुपारची केली. संध्याकाळी गार पोळ्या खाऊन यांना काही झालेलं नाही.

अडचण दुसरीच आहे. मावशींचं घर एका खोलीचं, माणसं पाच. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत टीव्ही चालू. सासूबाईंच्या मालिका, मग मुलाचं क्रिकेट किंवा मोबाईल. मी म्हटलं, बंद करायला सांगा की. तर म्हणाल्या, "त्यांचा दिवसभराचा तेवढाच इरंगुळा आहे, काकू. आणि खोटं कशाला बोलू, तो चालू असला की माझंबी ध्यान तिकडंच जातंय." मी पंधरा दिवस सगळ्यांना विचारत फिरले, पण टीव्हीबद्दल इतकं खरं उत्तर मला दुसऱ्या कोणी दिलं नाही.

तर मावशींनी सोसायटीकडे अर्ज दिलाय. हॉलच्या मागची ऑफिसची खोली, रोज रात्री आठ ते साडेनऊ, परीक्षा होईपर्यंत. एक टेबल, एक खुर्ची. अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, मी फक्त 'सचिव'चा पहिला इकार दुरुस्त केला.

अर्ज आल्यापासून लिफ्टमध्ये मी बरंच काही ऐकतेय. "आज एक, उद्या दहा येतील." येऊ देत की, दहा जणी दहावीला बसल्या तर या स्मरणिकेत छापायला तरी काही मिळेल. "लाइटबिल कोण भरणार?" मी बँकेत होते, हिशोब करून आणलाय. वीस वॅटची ट्यूब रोज दीड तास, महिन्याला एक युनिटही होत नाही. पंखा धरला तर साडेचार युनिट. तेवढं मी भरते. "बाहेरच्या व्यक्तीला सोसायटीची जागा द्यायची नाही, असा ठराव आहे." हो, आहे. २०११ सालचा. कोणीतरी हॉल परस्पर साड्यांच्या सेलला दिला होता, म्हणून केला होता. प्रोसीडिंग बुकात त्याखाली अनुमोदक म्हणून माझंच नाव आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला शोधायचा त्रास नको. तो ठराव सेलसाठी होता. पण शब्द तसे नाहीत, हे मान्य. तेव्हा शब्द बदलावे लागतील, आणि त्यासाठी या महिन्यातल्या वार्षिक सभेत हात वर करावे लागतील. तोपर्यंत निदान तात्पुरती परवानगी कमिटी देऊ शकते.

येत्या शुक्रवारी रात्री आठ वाजता कमिटीची मीटिंग आहे. अर्ज अजेंड्यावर शेवटून दुसरा ठेवलाय. तो वर घ्यावा, अशी माझी चेअरमनसाहेबांना सगळ्यांसमोर विनंती आहे. फॉर्मला मुदत असते, ती काही आपल्यासाठी थांबत नाही. आणि मीटिंग पावणेनऊला संपवा. केबीसी आहे.