सुटी फिल्म, घरच्या घरी



मोठ्या कॅमेऱ्याची सुटी फिल्म घरी धुता येते.
साधे ट्रे पुरतात.
मात्र अंधार पूर्ण हवा.

रात्रीची वेळ, न्हाणीघर, दाराच्या फटीला टॉवेल.
लाल दिवासुद्धा नको.
नेहमीच्या पँक्रोमॅटिक फिल्मला लाल उजेडही बाधतो!

मग फिल्मची बाजू कशी ओळखायची?
बोटांनी.
एका कोपऱ्यात बारीक खाचा असतात.
फिल्म उभी धरा.
खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या,
की रसायनाची बाजू तुमच्याकडे.
ट्रेमध्ये तीच बाजू वर ठेवा.

आधी एकेक फिल्म पाण्यात भिजवा,
नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात.

मग डेव्हलपर.
तळातली फिल्म हळूच काढा, वर ठेवा, अलगद दाबा.
पुन्हा तळातली.
पत्ते पिसावेत तसं, पण सावकाश.
कोपरा खालच्या फिल्मला घासला, की ओरखडा कायमचा.
पहिल्यांदा दोनच फिल्म घ्या, असं मी म्हणेन.

डेव्हलपर साधारण 20 अंशांवर हवा.
आपल्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याहून गरम!
ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा.

नंतर स्टॉप बाथ, मग फिक्सर.
फिक्सर होईपर्यंत अंधार, पूर्ण अंधार.

आता दिवा लावा.
फिल्म वाहत्या पाण्यात धुवा,
चिमट्याला टांगा,
आणि पंखा बंद ठेवा.
ओल्या फिल्मवर धूळ लगेच बसते.