वेग आणि विवेक



22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळील परधाडे स्थानकानजीक, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधील प्रवासी साखळी ओढून रुळांवर उतरले. शेजारच्या मार्गाने आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जणांचा अंत झाला. वळणामुळे गर्दी दुरून दिसणे कठीण होते.

धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 110 किलोमीटरवरून 160 वर जाताना ती दुपटीहून अधिक होते. ब्रेकला तेवढी ऊर्जा शोषावी लागते. वंदे भारतमध्ये स्वयंचलित दारे आणि चालकाशी थेट बोलण्याची सोय आहे. जळगाव-धुळ्याच्या साध्या डब्यातील प्रवाशालाही ती हवी. भयभीत प्रवाशापर्यंत सत्य वेळेवर पोहोचविणे, हेही अभियंत्याचेच कर्तव्य होय.